पहिला पिक्चर स्वतःच्या जिवावर करायचाय? शूटचं नंतर बघू, आधी हे वाचा

महिन्यातून एकदा तरी कुणाचा ना कुणाचा मेसेज असतो, "दादा स्टोरी रेडी आहे, कॅमेरा मित्राचा आहे, फक्त प्रोड्युसर पाहिजे". प्रत्येकाला तेच तेच टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढतोय, आता कुणी विचारलं की हेच पाठवणार.

मी काय फार मोठा माणूस नाही. दोन शॉर्ट फिल्म, एक फीचर, बाकी पोटासाठी लग्नाचे व्हिडिओ आणि साखर कारखान्याच्या वार्षिक सभेच्या फिल्मा. फीचरचं शूट झालं २२ दिवसांत आणि पिक्चर लोकांसमोर यायला लागली पावणेपाच वर्षं. हे दोन आकडे परत वाचा. २२ दिवसांची तयारी सगळे करतात, लेन्स कुठली, ड्रोन घ्यायचा का, पोस्टरवर नाव कसं येणार, पण पुढच्या पावणेपाच वर्षांची तयारी कुणीच करत नाही, आणि आपल्याकडचे बरेचसे पिक्चर तिथंच मरतात, कपाटातल्या हार्ड डिस्कमध्ये.

१. आधी घर कसं चालणार ते ठरवा

हे पहिलं का, तर सगळे हेच शेवटी करतात. पिक्चरच्या काळात तुम्हाला पगार नसतो, आणि पिक्चरचा काळ म्हणजे शूट नाही, चार-पाच वर्षं. त्यामुळे एक असं काम हातात ठेवा जे सोडलं तरी परत मिळतं. एडिटिंग येत असेल तर उत्तम, रात्री करता येतं. लग्नाचा सीझन ठराविक महिन्यांत असतो, बाकीचे दिवस मोकळे. डेली सोपमध्ये असिस्टंट डायरेक्टर म्हणून लागलात तर पैसे नियमित, काम शिकायला पण मिळतं, पण बारा-तेरा तासांची शिफ्ट करून घरी आल्यावर स्वतःची स्क्रिप्ट उघडायची ताकद उरत नाही, मी सात महिने केलं आणि त्या सात महिन्यांत एक पान लिहिलं नाही.

असिस्ट करायचं का असं पण विचारतात. करा, दोन फिल्म बास. पहिलीत सेट कसा चालतो ते कळतं, दुसरीत पैसे कुठं गळतात ते कळतं, तिसरीपासून तुम्ही दुसऱ्याच्या पिक्चरचे हमाल.

शिक्षणाचं म्हणाल तर पुण्याच्या एफटीआयआयला (म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूट, १९६० पासून, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत) प्रवेश मिळाला तर डोळे झाकून जा, नाही मिळाला तर रडत बसू नका. फिल्म सोसायटीचे सभासद व्हा, मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून चालू आहे, पुण्यात आशय आहे. मोबाईलवर बघितलेला पिक्चर आणि अंधारात शंभर माणसांबरोबर बघितलेला पिक्चर यात फरक असतो, लोक नेमके कुठं खुर्चीत चुळबुळ करतात ते तिथंच दिसतं.

आणि हो, घरच्यांना खरा आकडा सांगा. "सहा महिन्यांत होईल" असं सांगू नका. मी सांगितलं होतं, आमची आई अजून विचारते कुठले सहा महिने.

२. गोष्ट कागदावर, आणि कागद तुमच्या नावावर

"स्टोरी डोक्यात रेडी आहे" याला काही अर्थ नाही. पटकथा लिहा, सगळी, शेवटच्या सीनपर्यंत. आपल्याकडे कथा, पटकथा आणि संवाद ही तीन वेगळी क्रेडिट असतात, मित्राबरोबर लिहित असाल तर पहिल्याच दिवशी कोण काय ते लिहून सह्या करा. मैत्री तुटते ती पैशावरून कमी आणि पडद्यावरच्या नावावरून जास्त.

झालं लिहून की मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद व्हा आणि स्क्रिप्ट ऑनलाइन रजिस्टर करा, घरबसल्या होतं. टायटल वेगळं रजिस्टर करावं लागतं, मराठीसाठी अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ आहे, मुख्य ऑफिस कोल्हापूरला. टायटल लवकर करा. आम्ही पोस्टर छापलं आणि मग कळलं की त्या नावाचं रजिस्ट्रेशन आधीच कुणीतरी करून ठेवलंय, पिक्चर काढला नव्हता, नुसतं नाव अडवून बसलेला. पोस्टर रद्दीत.

पहिल्या पिक्चरची गोष्ट निवडताना एकच सांगतो, लोकेशन मोजा. आमच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये ३१ लोकेशन होती. युनिट एका जागेवरून दुसरीकडे हलवायला अर्धा दिवस जातो, म्हणजे ३१ लोकेशनमध्ये पंधरा दिवस नुसते टेम्पोत. कापत कापत ९ वर आणली आणि खरं सांगू का, गोष्ट सुधारली.

३. पैसे मागायच्या आधी काहीतरी दाखवा

दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण सगळे देतात पण चुकीच्या कारणासाठी देतात. विम्याची पॉलिसी गहाण टाकली, लंडनला गेले, १९१२ मध्ये विल्यमसन कॅमेरा आणला, हे सगळ्यांना पाठ. पण परत आल्यावर पिक्चरला पैसे द्यायला कुणी तयार नव्हतं तेव्हा त्यांनी काय केलं ते बघा. वाटाणा पेरला आणि कोंब कसा फुटतो, रोपटं कसं वाढतं ते थोडं थोडं शूट करून एक छोटीशी फिल्म केली, अंकुराची वाढ. ती लोकांना दाखवली, मग पैसे उभे राहिले, मग ३ मे १९१३ ला गिरगावात कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. फाळक्यांनी भाषण नाही केलं, वाटाणा दाखवला.

तुम्ही पण तेच करा. तुमच्या स्क्रिप्टमधला एक सीन, तीन-चार मिनिटांचा, त्याच भाषेत, जमलं तर त्याच गावात शूट करा. ट्रेलर नको, ट्रेलरमध्ये म्युझिक लावून काहीही खपवता येतं. एक सलग सीन बघितला की समोरच्याला कळतं याला नट सांभाळता येतात का.

(सरस्वतीबाई फाळके फिल्मच्या पट्टीला भोकं पाडत होत्या, केमिकल बनवत होत्या आणि वर सगळ्या युनिटचा स्वयंपाक. इंडिपेंडंट फिल्ममेकरच्या घरी कोण राबतं हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. तुमच्या घरात कोण राबणार ते पण विचारा, आणि क्रेडिट द्या.)

४. पैसे: तीन डबे करा आणि दुसऱ्या डब्याला हात लावू नका

आमचं बजेट कागदावर १८ लाख. शूट संपलं त्या दिवशी १६ गेले होते. पोस्टला, म्हणजे शूटनंतरच्या एडिटिंग, साऊंड, कलरला हवे होते ९, हातात २. त्यामुळे पुढची दोन वर्षं मी काय करत होतो तर लग्नं शूट करून साऊंडवाल्याला हप्ते देत होतो.

आता मी सगळ्यांना सांगतो, जेवढे जमतील त्याचे तीन भाग. निम्मे शूटला. तीस टक्के पोस्टला. वीस टक्के फेस्टिवल, सेन्सॉर आणि रिलीजला. शूटसाठी निम्म्यात भागत नसेल तर स्क्रिप्ट कापा, दुसरा डबा उघडू नका. हे टक्के काही शास्त्र नाही, माझा अनुभव आहे, पण एकाला तरी याचा फायदा झालाय.

पैसे कुठनं येतात? मित्र, नातेवाईक, गावातला एखादा बागायतदार, परदेशातला शाळासोबती. प्रत्येकाशी साधा का होईना करार, आणि त्यात स्पष्ट लिहा की पैसे बुडू शकतात. तोंडाने पण सांगा. "पन्नासचे शंभर करून देतो" म्हणणाऱ्याला लोक पैसे लवकर देतात आणि नंतर घरी येऊन बसतात.

भाऊराव कऱ्हाड्यांनी 'ख्वाडा'साठी जमीन विकली ही गोष्ट सगळ्यांना माहितीय, पिक्चरला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, सगळं खरं. पण ज्यांनी जमीन विकली आणि पिक्चर डब्यात गेला त्यांच्या मुलाखती कुणी घेत नाही. जमीन विकू नका. माझं ऐका.

सरकारी अनुदान आहे, मराठी पिक्चरला महाराष्ट्र सरकार देतं, समिती पिक्चर बघून गुण देते, अ दर्जाला ४० लाख आणि ब दर्जाला ३० लाख असा आकडा गेली काही वर्षं आहे, अटी बदलत राहतात म्हणून ताजा जीआर वाचूनच पुढं जा. पण मुद्दा असा की हे पैसे पिक्चर पूर्ण झाल्यावर येतात, आणि सरकारी पैसा म्हणजे कधी येईल ते आपल्या हातात नाही. त्यावर बजेट बांधू नका. आला तर देणी फेडायला.

तिसरा रस्ता म्हणजे एनएफडीसीचा (केंद्र सरकारचं फिल्म महामंडळ) फिल्म बाजार, २००७ पासून दर नोव्हेंबरात गोव्यात इफ्फी या फेस्टिवलच्या जोडीला भरतो, आता त्याला वेव्हज फिल्म बाजार म्हणतात. स्क्रिप्टसाठी लॅब आहे, भागीदार निर्माते शोधायला को-प्रॉडक्शन मार्केट आहे, आणि अर्धवट पिक्चरसाठी वर्क इन प्रोग्रेस लॅब आहे, म्हणजे तुमचा रफ कट (कच्चं एडिट) बाहेरचे अनुभवी लोक बघतात आणि तोंडावर सांगतात. रॉटरडॅम फेस्टिवलचा ह्युबर्ट बाल्स फंड आपल्यासारख्या देशांतल्या स्क्रिप्टला पैसे देतो. फॉर्म भरायला वेळ लागतो, इंग्रजी जमत नसेल तर कुणाला तरी बरोबर घ्या, पण भरा. नकार आला तरी सिनॉप्सिस, म्हणजे गोष्टीचा सारांश, सुधारतो.

५. माणसं

कमी घ्या. आमचं युनिट १९ जणांचं होतं. सेटवर सगळे दादा आणि ताई, लाइट दादा, स्पॉट दादा, मेकअप ताई, आणि यात सगळ्यात महत्त्वाचा कोण तर स्पॉट दादा. चहा वेळेवर आला नाही की कॅमेरामन पण चिडतो. जेवणावर पैसे वाचवू नका. आम्ही तिसऱ्या दिवशी वाचवले, रात्री तेच दुपारचं वांगं आलं, दुसऱ्या दिवशी कॉल टाइम सहाचा आणि माणसं आली पावणेआठला, बोलायचं काय?

फुकट कुणाला राबवू नका. "एक्सपोजर मिळेल" हे वाक्य तुमच्या तोंडून निघालं तर समजा तुम्ही पण तेच झालात ज्यांना शिव्या देत इथवर आलात. कमी द्या, पण ठरवून आणि वेळेवर द्या, कन्व्हेन्स रोज संध्याकाळी हातात.

नट कोण घ्यायचे? नावाजलेला नट तुमच्या पिक्चरला दहा दिवस देईल, पण तारखा तो सांगेल, आणि सीरियलचं शूट अडकलं की तुमचं युनिट गावात बसून पत्ते खेळणार. न-नट घ्यायला घाबरू नका. 'फॅन्ड्री'तला सोमनाथ अवघडे आधी कधी कॅमेऱ्यासमोर उभा राहिला नव्हता, बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार घेऊन गेला. 'कोर्ट'मधले वीरा साथीदार नागपूरचे कार्यकर्ते. पण न-नट म्हणजे स्वस्त असं समजू नका, तो खर्च पैशात नाही, दिवसात जातो. आम्ही ज्या आजींना घेतलं त्यांच्याकडे मी दोन महिने नुसता जाऊन बसायचो, शेंगा निवडायच्या, गप्पा मारायच्या, शेवटी शेवटी मोबाईल समोर ठेवून शूट करायला लागलो, तेव्हा कुठं त्या कॅमेऱ्याकडे बघायच्या थांबल्या.

प्रत्येकाकडून सही. नट, घरमालक, दुकानदार ज्याची पाटी दिसते तो, लहान पोर असेल तर आईबापाची. पुढं ओटीटीवाले हीच कागदपत्रं मागतात आणि तेव्हा माणूस शोधायला गेलात की तो दुबईला गेलेला असतो.

६. रेकी डोळ्यांनी नाही, कानांनी करा

रेकी म्हणजे शूटची जागा आधी जाऊन बघणं. हा भाग मोठा लिहितोय कारण इथं मी सगळ्यात जास्त मार खाल्लाय.

आमचं शूटचं गाव सांगली जिल्ह्यातलं, आटपाडीकडचं. रेकीला गेलो, जानेवारी, संध्याकाळ, उन्हं तिरकी, खिल्लार बैल घरी निघालेले, कॅमेरामन तर वेडाच झाला. वाडा मिळाला, मालक तयार, फोटो काढले, नारळ फोडायची तारीख ठरवून परत आलो. मार्चमध्ये युनिट घेऊन पोहोचलो, पहिला शॉट सकाळी दहाला, आजी आणि नातू पडवीत, साऊंडवाल्याने हेडफोन लावला आणि मान हलवली. वाड्याच्या मागच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी. आम्ही रेकीला संध्याकाळी गेलो होतो, गिरणी चालायची सकाळी दहा ते एक.

आता गिरणी बंद करा म्हणायचं तर अख्ख्या गावाचं दळण थांबणार. गिरणीवाल्या काकांकडे गेलो. ते म्हणाले, "तुमचा शिनिमा चार दिवसाचा, माझं गिऱ्हाईक कायमचं". बरोबरच होतं. शेवटी असं ठरलं की सकाळी सात ते दहा ते दळणार, सरपंचांनी तशी दवंडी, म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला, आणि आम्ही त्यांना रोजचे हजार द्यायचे. पण सातला वीज पाहिजे ना. थ्री फेज तिकडं पाळीने येते, त्या आठवड्यात ती दहाच्या सुमाराला यायची. मग आमचा जनरेटर सकाळी गिरणीला आणि दहानंतर शूटला. आमच्या बजेटमध्ये डिझेलच्या समोर "गिरणी" असा रकाना आहे, सीएने दोनदा विचारलं हे काय.

तर रेकीला ज्या वेळेला शूट करणार त्याच वेळेला जा. डोळे मिटून पाच मिनिटं उभे रहा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. शाळेची घंटा, देवळाचा भोंगा, बोअरची मोटर, कोंबडा, एसटीचा टाइम, सगळं लिहून काढा. हनुमान जयंती कधी आहे, जत्रा कधी आहे, ग्रामपंचायतीची निवडणूक आहे का ते विचारा. ग्रामपंचायतीचं पत्र, पोलीस स्टेशनला कळवल्याचं पत्र, दोन्ही फाइलला पाहिजेत. किल्ला किंवा जुनं देऊळ असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो, जंगल असेल तर वनखातं.

एवढी कटकट करून सिंक साऊंड (शूटच्या वेळीच आवाज रेकॉर्ड करणं) कशाला, डबिंग करू की, असं म्हणाल. शहरातले नट असतील तर करा. पण गावचा माणूस डबिंगच्या काचेमागं उभा राहिला की दगड होतो, पडवीत "आरं ये की हिकडं" असं म्हणाला होता ते स्टुडिओत "अरे ये की इकडे" होतं, आणि तुमचा पिक्चर तिथंच गेला.

७. शूटचे २२ दिवस

यावर बाकी लोकांनी भरपूर लिहिलंय, मी फक्त ज्या गोष्टींनी रडवलं त्या सांगतो.

गावातल्या ट्यूबलाइटखाली शूट करताना शटर बघा. आपली वीज ५० हर्ट्झ, तुम्ही २४ फ्रेमवर शूट करताय, शटर १७२.८ डिग्रीवर ठेवलं तर फ्लिकर येत नाही. छोट्या स्क्रीनवर दिसत नाही, थिएटरमध्ये अख्खी भिंत लुकलुकते.

प्रत्येक जागेवर शूट संपल्यावर मिनिटभर सगळ्यांना गप्प करून त्या जागेचा नुसता आवाज रेकॉर्ड करा. सगळे वैतागतात, पॅकअपची घाई असते, तरी करा. एडिटला हाच आवाज सांधे बुजवतो.

डेटा. रोज रात्री दोन कॉपी, दोन वेगळ्या डिस्क, आणि दोन्ही डिस्क एका बॅगेत ठेवायच्या नाहीत, एका गाडीत पण नाहीत. तिसरी कॉपी जमेल तेव्हा घरी. आमच्या नवव्या दिवसाची एक डिस्क पडली. नुसती टेबलावरून. दुसरी कॉपी होती म्हणून मी आज हे लिहितोय.

आणि बॅकग्राउंडला रेडिओ, टीव्ही, मोबाईलची रिंगटोन, वरातीतला डीजे, काहीही प्रसिद्ध गाणं वाजू देऊ नका. दोन सेकंद असलं तरी हक्क कुणाचे तरी असतात आणि ते विकत घ्यायची आपली ऐपत नसते.

८. पोस्ट, म्हणजे जिथं एकटं पडायला होतं

शूट संपलं की सगळे मिठ्या मारतात आणि निघून जातात. तुम्ही आणि एडिटर, एक खोली. पहिला कट बघून वाटतं की आपण आयुष्य वाया घालवलं. सगळ्यांचं असंच होतं, महिनाभर बाजूला ठेवा, लग्न शूट करा, परत बसा.

रफ कट दाखवताना फिल्मवाल्यांना कमी आणि बाकीच्यांना जास्त दाखवा. "कसा वाटला" विचारू नका, सगळे छान म्हणतात. "गोष्ट सांगा" म्हणा. जिथं अडखळतील तिथं गडबड आहे.

कलर आणि साऊंड यात पैसे कमी असतील तर साऊंडला द्या. रंग थोडा कच्चा असला तरी लोक दहा मिनिटांत विसरतात, संवाद कळला नाही तर उठून जातात. इंग्रजी सबटायटल स्वतः करू नका, आणि मशीनकडून तर अजिबात नको, आमच्याकडे "डोक्यावर पडलायस का" याचं मशीनने शब्दशः केलं होतं आणि तो सीन अपघाताचा वाटत होता. शेवटी डीसीपी, म्हणजे थिएटरसाठीची डिजिटल फाइल बनवायची, थिएटरला तीच लागते. मोठ्या पडद्यावर एकदा पूर्ण चालवून बघा, तासाचं भाडं जातं, जाऊ दे.

९. सेन्सॉर, आणि बैलांचं सर्टिफिकेट

सीबीएफसीचा, म्हणजे सेन्सॉर बोर्डाचा अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवर ऑनलाइन. २०२४ पासून यूएचे तीन भाग झालेत, ७ वर्षं, १३ वर्षं, १६ वर्षं, बाकी यू आणि ए आहेतच. विडी-सिगारेट-तंबाखू दिसत असेल तर आरोग्याची सूचना टाकावी लागते, गावाकडच्या पिक्चरमध्ये तंबाखू मळणारा म्हातारा असतोच, त्यामुळे धरून चाला.

पण खरी गंमत जनावरांची. पिक्चरमध्ये बैल, शेळी, कुत्रा, कोंबडी काम करत असेल तर अॅनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी शूटच्या आधी घ्यावी लागते आणि नंतर एनओसी, ती नसेल तर सेन्सॉर पुढं सरकत नाही. आणि ही दिसणाऱ्या प्रत्येक जनावराची लागते हे आम्हाला कळलं शूट झाल्यावर दीड वर्षाने. बैलांची घेतली होती परवानगी, कारण ते स्क्रिप्टमध्ये होते. पण एका सीनमध्ये आजींनी आपल्या मनाने शेळीला पाला टाकला, इतका गोड शॉट, ती शेळी कागदावर कुठंच नव्हती. शॉट कापला. अजून जीव तुटतो. गावात शूट करणार असाल तर दिसेल ते जनावर आधीच अर्जात घाला, पशुवैद्यकाचं सर्टिफिकेट आणि मालकाची संमती बरोबर.

सेन्सॉरच्या तारखेचं एक गणित आहे, राष्ट्रीय पुरस्काराला त्या त्या कॅलेंडर वर्षात सर्टिफिकेट मिळालेले पिक्चर जातात. २९ डिसेंबरला सर्टिफिकेट घेतलंत तर वर्ष तेच धरलं जातं, अर्ज भरायला वेळ मिळतो का ते बघून ठरवा.

१०. फेस्टिवल

मोठ्या फेस्टिवलना पहिला मान लागतो, म्हणजे पिक्चर आधी कुठं दाखवलेला नको. घाईघाईने कुठल्यातरी ऑनलाइन "आंतरराष्ट्रीय" फेस्टिवलला देऊ नका, तिथं दर महिन्याला चाळीस बेस्ट फिल्म असतात आणि ट्रॉफीचे पैसे तुम्हीच भरता. पोस्टरवर पंधरा फेस्टिवलच्या पानांच्या माळा लावल्या म्हणून प्रेक्षक येत नाही.

वरून खाली या. आधी रॉटरडॅम, बर्लिन, कान, व्हेनिस, ज्या महिन्यात पिक्चर तयार होईल त्याप्रमाणे. मग आपल्याकडचे, पुण्याचा पिफ जानेवारीच्या सुमाराला, केरळचा डिसेंबरात, धरमशाला, मुंबईचा मामी. डॉक्युमेंटरी आणि शॉर्ट असेल तर मुंबईचा मिफ. फीचे पैसे तिसऱ्या डब्यातून, आणि दर वर्षाचा आकडा ठरवून, नाहीतर हे व्यसन आहे.

वेळ लागतो हे पण धरून चाला. 'कोर्ट'ला व्हेनिसला दोन पुरस्कार मिळाले सप्टेंबर २०१४ मध्ये आणि इकडे थिएटरला लागला एप्रिल २०१५ मध्ये. रोहन कानवड्यांचा 'साबर बोंडं' जानेवारी २०२५ ला अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिवलला ग्रँड ज्युरी पुरस्कार जिंकला, इकडे रिलीज सप्टेंबरात. जगात गाजलेल्यांना सात-आठ महिने लागतात, आपण कोण.

११. थिएटर: एका तिकिटाचा हिशोब

१५० रुपयांचं तिकीट. शंभरच्या वर आहे म्हणून त्यात १८ टक्के जीएसटी, तो गेला की उरले १२७. त्यातले साधारण निम्मे थिएटरचे, राहिले त्रेसष्ट. त्यातून वितरकाचं कमिशन. आणि डिजिटल प्रोजेक्शनचे पैसे, पोस्टर, पेपरातली जाहिरात हे सगळं आधीच तुमच्या खिशातून गेलेलं. आमच्या एका शोला अकरा माणसं आली. अकरा गुणिले त्रेसष्ट करून बघा, सातशे पण होत नाहीत, आणि त्या अकरातले चार माझे मावसभाऊ.

म्हणून शंभर थिएटर नको. आठ-दहा घ्या, जिथं तुमची माणसं आहेत तिथं, संध्याकाळचा शो मागा, दुपारी बाराचा मिळाला तर नाही म्हणा, नोकरीवाला माणूस बाराला कसा येईल? आणि डीसीपीची कुलूपकिल्ली, म्हणजे केडीएम, प्रत्येक थिएटरच्या सर्व्हरसाठी वेगळी असते आणि तिला तारीख-वेळ असते. आमच्या पहिल्याच शोला एका शहरात चुकीच्या स्क्रीनची किल्ली गेली, लोक बसलेले, पडदा काळा, मॅनेजर म्हणतो फाइल उघडत नाही, पाऊण तास फोनाफोनी. आदल्या दिवशी स्वतः फोन करून "किल्ली लावून बघितली का" विचारा, लाजू नका.

ओटीटीचं स्वप्न बघा पण एकरकमी पैसे मिळतील असं धरू नका, नवीन माणसाला बऱ्याचदा जेवढं बघितलं जाईल तेवढा वाटा एवढंच देतात. सगळे हक्क कायमचे लिहून देऊ नका. मुदत टाका. वकिलाला दाखवा, त्याची फी एका ड्रोनच्या दिवसापेक्षा कमी असते.

१२. गावात दाखवा

हे कुणी करत नाही आणि मला तर यातच सगळ्यात मजा आली. प्रोजेक्टर भाड्याने, पांढरा पडदा, दोन स्पीकर, शाळेचं मैदान. अंधार पूर्ण पडल्याशिवाय सुरू करू नका, उन्हाळ्यात साडेसात धरा. पडदा पश्चिमेकडे तोंड करून लावू नका, मागून वारा येतो का बघा, चार कोपरे नाही, आठ ठिकाणी बांधा, नाहीतर हिरोचं तोंड फुगतं. तिकीट नको, डबा ठेवा. आम्ही अशी १४ गावं केली आणि थिएटरपेक्षा जास्त माणसांनी पिक्चर तिथं बघितला.

शेवटचा शो आटपाडीकडच्या त्याच गावात. आजी पहिल्या रांगेत खुर्चीवर, त्यांनी अर्धा पिक्चर स्वतःकडे बघितलंच नाही, पदर तोंडावर. गिरणीवाले काका मागं उभे होते, हाताची घडी घालून. पिक्चरमध्ये गिरणी कुठंच दिसत नाही, पण पॅकअपच्या दिवशी साऊंडवाल्याने ती चालू करायला लावून दहा मिनिटं रेकॉर्ड केली होती आणि नातू शहरात जायला निघतो त्या सीनला मागं बारीक ठेवली होती. संपल्यावर सगळे मला भेटायला आले, काका सगळ्यात शेवटी. म्हणाले, "ते मागं वाजत हुतं ती माझी गिरण हाय न्हवं?" म्हटलं हो काका. जरा विचार केला आणि म्हणाले, "आवाजावरनंच वळखली. पट्टा सैल हुता तवा."